कमरेवरची न भरणारी जखम

आमची आत्या लश्करमधल्या जुन्या वाड्यात राहते. २०२४ च्या जानेवारीत अंगणात पाय घसरून तिचे उजवे मनगट मोडले आणि प्लास्टर उतरेपर्यंत ती आमच्याकडे राहायला आली. तेव्हा तिचे वय ६८. एका हाताने साडी नेसणे जमेना, म्हणून माझी बायको तिला मदत करायची. चौथ्या दिवशी परकराची नाडी बांधता बांधता ती थांबली. "अहो आत्या, हे काय आहे?"

उजव्या कुशीत, नाडी येते त्याच रेषेवर, रुपयाच्या नाण्याएवढी जखम होती. कडा जाड आणि उचललेल्या, मधला भाग ओलसर, भोवतीची कातडी कुठे काळवंडलेली तर कुठे पांढुरकी. आत्या म्हणाली, "काही नाही गं, नाडी घिसून घिसून झालंय. मलम लावते ना मी. भरतं, परत होतं."

किती दिवस झाले, असे विचारल्यावर ती जरा घुटमळली. "झालं असेल वर्ष-दीड वर्ष."

दीड वर्षात चार वेळा औषधाच्या दुकानातून वेगवेगळ्या ट्यूब आणून झाल्या होत्या. डॉक्टरला एकदाही दाखवले नव्हते. जागाच अशी की कुणाला दाखवायची? जखम फारशी दुखतही नव्हती.

आता माझी चूक सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बायकोने जखमेचा फोटो काढला आणि मी तो त्वचेचे आजार ओळखून देणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. उत्तर आले, बहुधा बुरशीचा संसर्ग. मला हायसे वाटले. बायकोला वाटले नाही. ती म्हणाली, "दीड वर्ष मलम लावून न भरणारी बुरशी मी पाहिली नाही. उद्या डॉक्टरकडे न्या."

त्वचारोगतज्ज्ञांनी जखमेच्या कडा बोटांनी दाबून पाहिल्या, जांघेत गाठी आहेत का ते चाचपले आणि फार न बोलता सांगितले, "तुकडा काढून तपासू या." दहा दिवसांनी अहवाल आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग.

हा तर गोऱ्या लोकांचा आजार ना?

घरात सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया हीच होती. ऑस्ट्रेलियात, युरोपात समुद्रकिनारी उन्हात पडून राहणाऱ्यांना होतो तो त्वचेचा कर्करोग, अशी आपली समजूत. ती निम्मी बरोबर आहे, आणि म्हणूनच घातक आहे.

आपल्या त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात तीन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या. तळाशी बेसल पेशी असतात, त्यांच्यापासून सतत नव्या पेशी तयार होतात. वर सरकताना त्या चपट्या होतात, त्या स्क्वॅमस पेशी. आणि तळाच्या ओळीत अधूनमधून बसलेल्या मेलॅनोसाइट पेशी त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करतात. त्वचेचे तीन मुख्य कर्करोग या तीन पेशींचेच आहेत. बेसल सेल कार्सिनोमा हळू वाढतो आणि शरीरात दूर पसरणे फार विरळ, पण दुर्लक्ष केले तर नाक, पापणी, कान पोखरतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा पसरू शकतो, आधी जवळच्या गाठींमध्ये आणि मग पुढे. मेलॅनोमा तिघांत सर्वांत कमी आढळणारा आणि सर्वांत धोकादायक.

मेलॅनिन उन्हातले अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात अडवते. म्हणून सावळ्या त्वचेत उन्हामुळे होणारा कर्करोग कमी. पण मेलॅनिन ऊन अडवते; घर्षण, भाजल्याचा व्रण किंवा वर्षानुवर्षे वाहणारी जखम अडवत नाही. मेलॅनोमासुद्धा आपल्याकडे होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नाही आणि आपले लक्षही जात नाही. प्रसिद्ध गायक बॉब मार्लीला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा झाला होता. १९७७ मध्ये निदान झाले आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.

थोडक्यात, आपला त्वचेचा कर्करोग वेगळ्या जागी लपतो. आणि यातली एक जागा आपल्याच मराठी डॉक्टरांनी ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून दिली होती.

धोतर, लुगडे आणि कांगडी

मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा होती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. भारतातल्या विकृतिशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कर्करोग झालेल्या ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासता तपासता, हा माणूस राहतो कसा, खातो काय, नेसतो काय, हेही ते विचारत. १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. भारतीयांच्या सवयींशी जोडलेल्या कर्करोगांबद्दलचा. त्यात एक होता धोतराचा कर्करोग. आयुष्यभर कमरेला एकाच जागी घट्ट कसलेले धोतर, त्याखाली घाम आणि घर्षण, आधी त्या जागेचा रंग बदलणे, मग जाड होणे, मग न भरणारी जखम आणि शेवटी कर्करोग.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही हेच पाहिले आणि त्याला साडीचा कर्करोग हे नाव पडले. काश्मीरमध्ये याचा भाऊबंद आहे. थंडीत फेरनच्या आत पोटाशी आणि मांड्यांशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसायची तिथे पद्धत. त्या उष्णतेने वर्षानुवर्षे शेकलेल्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्येच केली होती.

आत्याचे ऑपरेशन होऊन काही महिने झाल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात असे दोन रुग्ण मांडले. मी ते वाचले आणि आत्याचीच गोष्ट वाचतोय असे वाटले. एक बाई ७० वर्षांच्या. उजव्या कुशीत १८ महिने न भरलेली जखम, भोवतीच्या कातडीचा रंग गेलेला. दुसऱ्या साठीच्या उत्तरार्धातल्या. चाळीस वर्षे त्या आतून परकर न घालता लुगडे कमरेला घट्ट कसून नेसत. त्यांची जखम दोन वर्षांची, आणि कर्करोग जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोचलेला.

म्हणजे दोष साडीचा नाही, नऊवारीचा नाही. दोष आहे एकाच रेषेवर रोज पडणाऱ्या दाबाचा आणि त्या रेषेवरची जखम 'नाडीचं घासलंय' म्हणून सोडून देण्याचा. त्यात आपल्या ग्वाल्हेरचा उन्हाळा. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कमरेची ती पट्टी दिवसभर ओलीच असते.

जुनी जखम बिघडते कशी

कातडी खरवडली गेली की शरीर नव्या पेशी तयार करून ती जागा भरते. रोज खरवडली गेली तर रोज भरते. पेशी विभागते तेव्हा तिच्यातल्या डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल जितक्या वेळा होईल तितकी चूक होण्याची संधी वाढते. शिवाय सतत सुजलेल्या जागी पेशींना इजा करणारी द्रव्येही तयार होत राहतात. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते किंवा बिघडलेली पेशी मारून टाकते. एखादी निसटते. तीच पुढे बेबंद वाढू लागते. या सगळ्याला साधारणपणे दशके लागतात. म्हणून हा आजार उतारवयात दिसतो.

ज्याँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यविशारदाने जुन्या व्रणांवर उगवणाऱ्या अशा जखमांचे वर्णन १८२८ मध्ये केले, आणि आजही डॉक्टर त्यांना मार्जोलँचा व्रण म्हणतात. लहानपणी भाजल्याचा मोठा डाग, हाडातून वर्षानुवर्षे वाहणारी जखम, फुगलेल्या शिरांमुळे पायावर झालेला व्रण, कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या तळपायावरची जखम, या सगळ्या जागा त्याच्या आवडीच्या. घरात कुणाला असा जुना व्रण असेल आणि तो अचानक फुटला, त्यातून रक्त किंवा दुर्गंधी येऊ लागली, तर 'जुनाच आहे' म्हणून थांबायचे नाही.

प्रत्येक डाग कर्करोग नसतो

वाचकहो, हे वाचून प्रत्येक पुळीला घाबरू नका. कमरेवरचे बहुतेक डाग साधे असतात. परकराच्या नाडीने पडणारा काळा पट्टा, घामोळे, इसब, गजकर्ण. आपल्याकडे हिंदीच्या सवयीने आपण त्याला दादच म्हणतो. तरीही डॉक्टरांना दाखवायचे, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या आजारांचे उपचार अगदी उलटे असू शकतात.

गजकर्णाचेच घ्या. दुकानात मागितले की मिळणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत जाते, म्हणून मलम लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरते, तिचे रूपही इतके बदलते की डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. कातडी पातळ होते ते वेगळेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण आत्याच्या चार ट्यूबपैकी दोनमध्ये स्टेरॉइड होते, आणि चिठ्ठी एकाही वेळी कुणी मागितली नव्हती.

खात्री करण्याच्या साध्या पद्धती आहेत. बुरशीचा संशय असेल तर कातडीचा कोंडा खरवडून, पोटॅश द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काही मिनिटांचे काम. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करतात. त्याची बहुऔषधी गोळ्यांची मात्रा सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत उपचार पुरे होतात. पांढऱ्या डागावर वुड्सच्या दिव्याचा जांभळा उजेड टाकला की कोड खडूसारखे चमकते. तीळ किंवा गाठ पाहायला डर्मोस्कोप असतो, साधारण दहापट मोठे दाखवणारे आणि वरच्या कातडीची चकाकी काढून टाकणारे भिंग.

आणि कर्करोगाचा संशय असेल तर शेवटचा शब्द बायोप्सीचा. जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. तो फॉर्मेलिनमध्ये घालून, मेणात बसवून, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे पातळ काप करून, रंगवून पाहतात. आत्या घाबरली होती ती याच तुकड्याला. "तुकडा काढला की कर्करोग अंगभर पसरतो" असे तिला शेजारणीने सांगितले होते. हा समज अनेक घरांत आहे. तुकडा काढल्याने त्वचेचा कर्करोग पसरत नाही. न काढता वाट पाहिल्याने मात्र पसरतो.

मशीनला आत्या का कळली नाही

माझ्या कामामुळे हा प्रश्न मला छळत होता. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला होता. सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रांवर शिकवलेला त्यांचा प्रोग्राम त्वचेचे कर्करोग ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीला आला. तेव्हा आमच्या ऑफिसात त्यावर केवढी चर्चा झाली होती!

पण असा प्रोग्राम जे पाहतो तेच शिकतो. या क्षेत्रात वापरले गेलेले बरेचसे फोटो गोऱ्या त्वचेचे. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्याच गटाने ६५६ छायाचित्रांचा एक संच तयार केला, त्यात सावळ्या आणि काळ्या त्वचेचे फोटो मुद्दाम पुरेसे घेतले आणि प्रत्येकाचे निदान बायोप्सीने पक्के केलेले होते. त्यावर तपासलेल्या प्रोग्रामची कामगिरी घसरली, आणि गडद त्वचेवर जास्त घसरली.

आत्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. फोटोत दीड वर्ष दिसत नाही. कडा कडक आहे हे दिसत नाही. जांघेतली गाठ दिसत नाही. साडी कुठे बांधते हे दिसत नाही. डॉक्टरांनी तिला सर्वांत आधी विचारले ते हेच, "माँजी, नाड़ा यहीं बाँधती हैं क्या?" खानोलकरांचीही हीच पद्धत होती. माणूस नेसतो कसा हे आधी विचारा. ॲप फार तर 'दाखवून या' एवढे सुचवू शकते. 'काही नाही' हे त्याचे उत्तर मानू नका.

उपचार

त्वचेच्या बहुतेक कर्करोगांचा उपचार म्हणजे भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसकट तो भाग कापून काढणे. साधारण चार ते सहा मिलिमीटरची कड सोडतात, आजार मोठा किंवा आक्रमक असेल तर जास्त. काढलेल्या तुकड्याच्या कडा पुन्हा तपासतात, त्यात कर्करोगाच्या पेशी नसल्या तर काम पुरे. पापणी, नाक यांसारख्या जागी मोज पद्धत वापरतात, एकेक पातळ थर काढून तिथल्या तिथे तपासायचा आणि कड स्वच्छ मिळेपर्यंतच कापायचे. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर किरणोपचार. पसरलेल्या मेलॅनोमासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत शरीराचीच प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे आली आहेत. त्यांनी पूर्वी आशा नसलेल्या काही रुग्णांना वर्षे दिली, पण ती फार महाग आहेत.

लवकर पकडले तर अर्ध्या-पाऊण तासाचे ऑपरेशन, उशीर झाला तर गाठी, किरण, महिनोन्महिन्यांच्या फेऱ्या. फरक एवढाच आहे. आत्या थोडक्यात वाचली. सोनोग्राफीत जांघेतल्या गाठी साध्या निघाल्या, जखम कापून टाके घातले, कडा स्वच्छ आल्या. आता दर काही महिन्यांनी तपासणी, एवढेच.

ग्वाल्हेरमध्ये यासाठी बाहेर धावायची गरज सहसा पडत नाही. गजराराजा मेडिकल कॉलेजला जोडलेल्या जयारोग्य चिकित्सालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. मांढरेमातेच्या टेकडीवर कॅन्सर हॉस्पिटल आहे. गावात त्या टेकडीला 'कॅन्सर पहाडी' म्हणतात ते त्यामुळेच. आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. घरातल्या आजी-आजोबांचे कार्ड काढले नसेल तर काढून ठेवा.

घरी काय पाहायचे

तीन-चार आठवड्यांत न भरणारी कोणतीही जखम, कुठेही असो, डॉक्टरांना दाखवा. खपली धरून पुन्हा पुन्हा रक्त येणारा फोड, मोत्यासारखी चकाकणारी किंवा मध्ये खोलगट होत जाणारी गाठ, हेही तसेच. तिळाबाबत लक्षात ठेवा: दोन अर्धे सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या, रंग एकापेक्षा जास्त, आकार ६ मिलिमीटरहून मोठा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो बदलतोय. अंघोळीच्या वेळी तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहा. नखात नवी काळी रेघ आली आणि रुंद होत गेली तर दाखवा.

नाडीचा उपाय तर अगदी साधा. परकराला बारीक गोल नाडीऐवजी रुंद पट्टी किंवा सैल इलॅस्टिक लावा. रोज एकाच रेषेवर बांधू नका, कधी थोडी वर, कधी खाली, गाठ कधी डावीकडे. घरी आल्यावर सैल करा. ती जागा कोरडी ठेवा. तिथे खाज, सोलवटणे किंवा जखम असेल तर ती भरेपर्यंत सैल गाऊन घाला. पुरुषांनी धोतराचा कासोटा आणि पायजम्याची नाडी यांचाही विचार करावा.

पण सर्वांत अवघड गोष्ट नाडी सैल करणे ही नाही. जिथे लाज आडवी येते ती जागा दाखवणे ही आहे. आमच्या घरात आत्यावर सगळ्यांचे प्रेम, तरी दीड वर्ष कुणाला कळले नाही, कारण कुणी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. मनगट मोडले नसते तर अजूनही कळले नसते.

आता आत्या पुन्हा आपल्या वाड्यात आहे. या चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिने डाळ-पन्ह्याबरोबर आलेल्या प्रत्येकीला नाडीसाठी दोन बोटे रुंद सुती पट्टी वाटली. "मी बांधते तशीच बांध," म्हणाली, "आणि कमरेला काही झालं असेल तर आत ये, दाखव मला." त्या दुपारी तिघीजणी आत गेल्या. दोघींचे साधे घामोळे होते. तिसरीला तिने दुसऱ्या दिवशी स्वतः सोबत जाऊन डॉक्टरांना दाखवले. तिचेही गजकर्णच निघाले.

आज संध्याकाळी तुमच्या घरातल्या आईला, आजीला, आत्याला, काकूंना एकदा विचारा.